तुम्ही विचारलंत म्हणून: त्या दीर्घिका अजून एक कशा झाल्या नाहीत?

स्तेफानच्या पंचकाचा, म्हणजे दाटीने दिसणाऱ्या पाच दीर्घिकांच्या (ताऱ्यांच्या अवाढव्य समूहांच्या) पुंजक्याचा फोटो पडद्यावर आला की व्याख्यानानंतर कुणीतरी हमखास विचारतं, "इतक्या खेटून आहेत, मग आतापर्यंत एकमेकींत मिसळून कशा गेल्या नाहीत?" मी उभ्याउभ्या काहीतरी सांगून सुटतो आणि घरी येताना ते उत्तर अर्धवट होतं हे मनाला लागत राहतं. म्हणून आता बसून लिहितोय.

आधी एक दुरुस्ती. त्या पाच नाहीतच. एदुआर स्तेफान यांना १८७७ साली मार्सेच्या वेधशाळेतून महाश्व तारकासमूहात हा पुंजका सापडला. पुढे १९६१ मध्ये बर्बिज या खगोलशास्त्रज्ञ दांपत्याने ताम्रसृती (प्रकाश लाल रंगाकडे किती सरकला ते; त्यावरून अंतर कळतं) मोजली, तेव्हा एनजीसी ७३२० (एनजीसी म्हणजे आकाशातल्या वस्तूंच्या एका यादीतला क्रमांक) ही पाचांतली एक फारच जवळची निघाली. ती सुमारे ४ कोटी प्रकाशवर्षांवर आहे, बाकीच्या २९ कोटींच्या आसपास. गटाच्या फोटोत मध्येच येऊन उभी राहिलेली परकी व्यक्ती असते ना, तशी. सेफर्टचं षटक या अशाच दुसऱ्या, सहा जणींच्या पुंजक्याची गत तर आणखी वाईट. तिथली एक दीर्घिका कितीतरी मागे आहे, आणि एक दीर्घिका नाहीच, ओढाताणीत उसवलेल्या ताऱ्यांचा पट्टा आहे. सहातून उरल्या चार.

म्हणजे दाटी थोडी नजरेचा खेळ आहे. पण फक्त तेवढंच म्हणून हात झटकता येत नाहीत. खगोलशास्त्रज्ञ पॉल हिक्सन यांनी १९८२ मध्ये पालोमार या आकाश-सर्वेक्षणाचे फोटो चाळून १०० गट निवडले. नियम कडक होते: किमान चार दीर्घिका, तेजात फार फरक नको, एकमेकींना चिकटून हव्यात आणि भोवती मोकळी जागा हवी. नंतर ताम्रसृती मोजल्यावर त्यांतल्या ९२ गटांत निदान तीन दीर्घिका खरोखर एकत्र असल्याचं दिसलं.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. मोठ्या दीर्घिकासमूहांत दीर्घिका सेकंदाला हजारेक किलोमीटर वेगाने फिरतात, शेजारणीजवळून सुसाट निघून जातात. या छोट्या गटांत तो वेग साधारण २०० किलोमीटर. हळू जाणारीला ओढ जास्त वेळ बसते. तिची गती ताऱ्यांच्या हालचालीत जिरते आणि ती गुरफटत जाते. गट एकदा आरपार ओलांडायला वीसेक कोटी वर्षं लागतात, आणि विश्वाचं वय १३८० कोटी. १९८०च्या दशकात जोशुआ बार्न्स यांनी संगणकावर असे गट चालवून पाहिले, तर थोड्याच फेऱ्यांत सगळ्यांची मिळून एक लंबगोल दीर्घिका झाली. थोडक्यात, तुमची शंका रास्त आहे. अभ्यासकही याच गाठीवर अडले होते.

सुटका दोन बाजूंनी सुचवली गेली. एक अशी की कृष्णद्रव्य (न दिसणारं, पण ओढ लावणारं द्रव्य) प्रत्येकीभोवती वेगळं न राहता गटभर विरळ पसरलेलं असेल, तर गती जिरवणारं हे घर्षण कमी होऊन विलीनीकरण लांबतं. दुसरी मला जास्त पटते: गटात नवी भरती चालूच असते. हे दाट गट बहुधा सैल, मोठ्या गटांच्या पोटात असतात. आतल्या दोघी एक होतात, तोवर बाहेरून तिसरी आत येते. आपण पाहतो ते तेच जुने सदस्य असतील, हे आपणच गृहीत धरलेलं असतं.

भरती होताना पाहायची असेल तर पुन्हा पंचकाकडेच या. एनजीसी ७३१८बी ही दीर्घिका आत्ता सेकंदाला सुमारे ९०० किलोमीटर वेगाने गटात घुसते आहे. तिच्या आधी दुसरी एक येऊन गेली आणि जाताना बराचसा वायू बाहेर ओढून टाकून गेली. त्या पडून राहिलेल्या वायूवर हिची धडक बसते आहे. त्यातून उठलेला आघाततरंग (धक्क्याची लाट) आपल्या अख्ख्या आकाशगंगेपेक्षा लांब आहे. क्ष-किरणांत आणि रेडिओत तो एका कडेसारखा दिसतो. २०२२ च्या जुलैत आलेल्या जेम्स वेब दुर्बिणीच्या चित्रातही तो ठळक आहे. तारे मात्र एकमेकांवर आदळत नाहीत, त्यांच्यामध्ये जागा फार असते. मार खातो तो वायू.

तो वायूच या गटांचं वय सांगतो. सुरुवातीला हायड्रोजन दीर्घिकांच्या आत असतो, मग लांबलांब शेपट्यांत येतो आणि शेवटी दीर्घिका कोरड्या पडतात. हिक्सनच्या गटांत अपेक्षेच्या सरासरी ४० टक्केच थंड हायड्रोजन सापडला. वायू नाही म्हणजे नवे तारे नाहीत. सर्पिल हात विरतात, लंबगोल दीर्घिकांचं प्रमाण वाढतं. काही ठिकाणी एकच अवाढव्य लंबगोल दीर्घिका आणि तिच्याभोवती पूर्ण गटाला शोभेल एवढा तप्त वायू असं दिसतं. त्यांना जीवाश्म गट म्हणतात. तुम्ही विचारता त्या "एक झालेल्या" बहुधा अशाच असतात. फोटो फार देखणा नसतो, त्यामुळे व्याख्यानात कुणी दाखवत नाही. मीही नाही.

आणि जमलं तर पंचक एकदा स्वतः पाहा. अंधारं आकाश आणि १२ इंची दुर्बीण हवी. एनजीसी ७३३१ ही दीर्घिका सापडली की तिथून अर्धाच अंश सरकायचं. सरळ पाहिलंत तर काही नाही. नजर जरा बाजूला ठेवलीत की धुरकट ठिपके वर येतात, डोळा हलला की पुन्हा जातात. त्यातला एक ठिपका ४ कोटी वर्षांपूर्वीचा, बाकीचे २९ कोटी वर्षांपूर्वीचे. कोणता कुठला, ते डोळ्याला कळत नाही.