बँकॉकचा पहिला दिवस: रूळ, बोट आणि पाय

मुंबईहून रात्री निघालेलं विमान चार-साडेचार तासांत बँकॉकला पोहोचतं, घड्याळ दीड तास पुढे सरकतं आणि पहाटे पहाटे आपण सुवर्णभूमी विमानतळावर तांबारलेल्या डोळ्यांनी उभे असतो. हॉटेलची खोली दुपारी दोनच्या आत सहसा मिळत नाही. म्हणजे पहिला दिवस तसाही बाहेरच काढायचा आहे. तो कसा काढावा याबद्दल माझं मत ठाम आहे. त्या दिवशी टॅक्सी, टुकटुक, ॲपवरची गाडी यांतल्या कशालाही हात लावू नये. हे शहर नदीवर आणि कालव्यांवर वसलं, रस्ते नंतर आले. ते नंतर आलेत हे संध्याकाळी चार ते सात या वेळात कुठल्याही चौकात उभं राहिलं की कळतं.

निघण्याआधीचं एक काम. १ मे २०२५ पासून थायलंडने ऑनलाइन आगमन कार्ड सक्तीचं केलं आहे. पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत ते भरायचं आणि त्याला एक पैसाही लागत नाही. पैसे मागणारी साइट दिसली तर ती सरकारी नाही, लगेच बाहेर पडा. व्हिसाचे नियम वरचेवर बदलतात, ते तिकीट काढण्यापूर्वी दूतावासाच्या साइटवर पाहावेत. दुसरं काम बँकेच्या ॲपमधलं. कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर आणि टॅप करून पैसे देण्याची सोय ही दोन वेगवेगळी बटणं असतात, दोन्ही चालू करून ठेवा. एकच चालू असेल तर मेट्रोच्या फाटकावर कार्ड नाकारलं जातं आणि मागे रांग खोळंबते.

सामान घेतल्यावर आगमन कक्षातल्या मनी चेंजरकडे थांबू नका. लिफ्टने थेट तळघरात उतरा. एअरपोर्ट रेल लिंकच्या स्थानकाशेजारी चार-पाच लहान मनी चेंजर आहेत आणि त्यांचा दर वरच्यापेक्षा बराच बरा असतो. रुपये घेतले जातात, पण डॉलरच्या मानाने दर पडतो. एका बाटचे अडीच-तीन रुपये धरून चाला. एटीएममधून काढलेत तर परदेशी कार्डावर दर वेळी २२० बाट किंवा त्याहून जास्त शुल्क बसतं, म्हणून काढायचेच तर एकदाच, मोठी रक्कम. यंत्र ‘रुपयांत हिशेब करू का’ असं विचारतं. त्याला नाही म्हणायचं, कारण होकार दिला की दर यंत्राचा लागतो.

रेल लिंक पहाटे साडेपाचच्या सुमारास सुरू होते. शेवटचं स्थानक फया थाय. अर्ध्या तासाच्या आत पोहोचते आणि भाडं ४५ बाट. तिथून उंचावरून धावणारी मेट्रो, बीटीएस, मिळते. भुयारी मेट्रो, म्हणजे एमआरटी, हवी असेल तर आधीच मक्कासानला उतरून पायपुलाने फेचबुरी स्थानक गाठायचं. नवखा माणूस अडखळतो तो इथे. बीटीएस आणि एमआरटी या वेगळ्या कंपन्या आहेत, तिकिटंही वेगळी, एकीचं दुसरीत चालत नाही. एमआरटीच्या फाटकावर व्हिसा किंवा मास्टरकार्ड थेट टॅप होतं. बीटीएसचं तिकीट स्थानकावरच्या यंत्रातून काढावं, म्हणून सुटी नाणी जवळ असू द्या. मुक्काम या दोन्हींपैकी एकीच्या स्थानकापासून दहा मिनिटांच्या चालीवर असावा. खाओ सान रोड तरुण मुलांमध्ये कितीही गाजलेला असला तरी त्याच्या दारात मेट्रो नाही, आणि पहिल्या दिवशी ते जाचतं.

बॅगा हॉटेलच्या स्वागतकक्षात ठेवा, तोंड धुवा, कपडे बदला. आज राजवाडा (ग्रँड पॅलेस) आणि देवळं पाहायची आहेत आणि तिथे कपड्यांचा नियम कडक आहे: खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, बाईचे आणि पुरुषाचेही. वरून ओढणी घेतलेली राजवाड्याच्या फाटकावर बहुधा चालत नाही, बाह्यांचा शर्टच लागतो. हाफ पँट घालून गेलात तर समोरच्या दुकानातून हत्तीछाप ढगळ विजार विकत घ्यावी लागते. ती वाईट नसते, पण फाटकासमोरचा भाव फाटकासमोरचाच असतो.

आता नदी गाठायची. बीटीएसने सयाम स्थानकावर गाडी बदला. फया थायकडून आलात तर बांग वाकडे जाणारी गाडी त्याच फलाटाच्या समोरच्या बाजूला लागते, जिने चढावे लागत नाहीत. सफान ताक्सिनला उतरून दोन नंबरच्या दारातून बाहेर आलं की साथोर्न धक्का. इथे सर्वांत आधी निळ्या झेंड्याच्या पर्यटक बोटीची खिडकी दिसते आणि तिथली माणसं आपल्याला आपुलकीने तिकडे वळवतात. ती फसवणूक नव्हे, पण आपल्याला तिची गरज नाही. नारिंगी झेंड्याची बोट मागा. गावातली माणसं तिनेच जातात, तिकीट अंतर कितीही असो सरसकट १६ बाट.

बोट धक्क्याला लागते ती काही सेकंदांपुरती. मागच्या टोकाला उभा असलेला खलाशी शिट्टीच्या खुणांनी चालकाला पुढे-मागे घ्यायला सांगतो, दोर अडकवतो, आणि लोक उतरतात-चढतात. रेंगाळाल तर मागे राहाल. मुंबईची लोकल पकडणाऱ्याला हे शिकवायला नको. मागच्या बाजूला भिक्खूंसाठी राखीव जागा असते, ती मोकळी सोडा. बायकांनी भिक्खूंना स्पर्श होणार नाही एवढं अंतर ठेवायचं असतं. प्रवाहाच्या उलट जाताना डाव्या हाताला वाट अरुण या देवळाचं शिखर दिसलं की उतरायची तयारी करा. आपला धक्का थोडा पुढे, ता चांग.

धक्क्यावरून राजवाड्याकडे चालताना एक नीटनेटका, हसतमुख माणूस भेटण्याची शक्यता दांडगी आहे. तो सांगेल, आज राजवाडा बंद आहे, पूजा आहे, दुपारनंतर उघडेल. तोवर टुकटुकने वीस बाटमध्ये चार देवळं दाखवतो. ही टुकटुक रत्नांच्या आणि शिंप्यांच्या दुकानांत नेते, तिथे कमिशन असतं. राजवाडा जवळजवळ रोज साडेआठला उघडतो, तिकीट दुपारी साडेतीनपर्यंत मिळतं. उत्तर न देता चालत राहा आणि बंद आहे की नाही ते फाटकावरच पाहा.

तिकीट ५०० बाट, आणि साडेआठलाच आत असावं. दहानंतर टोळ्यांमागून टोळ्या येतात आणि पांढऱ्या फरशीवरून ऊन डोळ्यांत येतं. राजवाडा १७८२ सालचा, ‘पहिला राम’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या राजाने राजधानी नदीच्या या काठावर आणली तेव्हाचा. सगळी गर्दी पाचूच्या बुद्धाकडे वळते. मूर्ती पाचूची नाही, हिरव्या दगडाची आहे, उंची ६६ सेंटिमीटर, आणि इतक्या उंचावर बसवलेली की चेहरा नीट दिसत नाही. ऋतूप्रमाणे वर्षातून तीनदा तिची सोन्याची वस्त्रं बदलतात. आत फोटो काढायचा नाही, पादत्राणं बाहेर, आणि बसताना तळवे मूर्तीकडे नकोत.

मराठी माणसाने वेळ घालवावा तो मात्र याच आवाराच्या भोवतालच्या ओवऱ्यांत. तिथल्या भिंतींवर १७८ चित्रांत अख्खं रामायण आहे, थायांचं रामकियन. उत्तरेकडून सुरुवात करून घड्याळाच्या दिशेने जायचं. पहिल्या चित्रात जनकाला नांगराच्या तासात सीता सापडते. नावं कानांनी ओळखायची: फ्रा राम, फ्रा लाक, नांग सीदा. थोत्सकान म्हणजे दशकंठ, रावण. आणि हनुमान! गावोगावच्या तालमीतल्या मारुतीला हात जोडून वाढलेल्या माणसाला हा पांढरा वानर जरा जड जातो. इथला हनुमान ब्रह्मचारी नाही. सेतूचे दगड चोरणारी रावणाची मुलगी, मत्स्यकन्या सुवर्णमत्स्या, त्याला भेटते आणि तो तिच्या प्रेमात पडतो. चित्र शोधून पाहा, सोनेरी शेपटी लगेच नजरेत भरते.

नावांचा हा खेळ दिवसभर चालतो. विमानतळ सुवर्णभूमी, तिथल्या निर्गमन कक्षात समुद्रमंथनाचं भलंमोठं शिल्प. शहराचं थाई नाव क्रुंग थेप, यातला थेप म्हणजे देव. पूर्ण नाव लांबलचक आहे, त्यात महानगर, अमर, रत्न, महेंद्र, अयोध्या हे सगळे येऊन जातात आणि शेवटी इंद्राने दिलेलं, विश्वकर्म्याने बांधलेलं असं म्हटलं आहे. देवळाला वाट म्हणतात. तो शब्द कुंपण, आवार या अर्थाच्या जुन्या ‘वाट’वरून आला, ज्याच्यावरून आपला वाडा आला.

राजवाड्याच्या तिकिटातच आवारातलं वस्त्रसंग्रहालय येतं. बहुतेक जण ते सोडून देतात. रेशीम आवडत असेल तर जाच, आवडत नसेल तरी जा, कारण आत वातानुकूलन आहे. अकरापर्यंत अंगातलं पाणी बरंच गेलेलं असतं. नळाचं पाणी पिऊ नका, कोपऱ्यावरच्या सेव्हन-इलेव्हनमध्ये बाटली स्वस्त मिळते. गाडीवर कापलेला पेरू आणि कैरी मिळते, सोबत तिखट, मीठ आणि साखर यांच्या मिश्रणाची पुडी. साखर वगळता सगळं ओळखीचं.

तिथून महाराज रस्त्याने (होय, हेच नाव, उच्चार महारात) दक्षिणेकडे दहा-पंधरा मिनिटं चाललं की वाट फो. तिकीट ३०० बाट. पहुडलेला बुद्ध ४६ मीटर लांब, १५ मीटर उंच, आणि इमारत त्याच्या मापाला इतकी लागून आहे की अख्खी मूर्ती एका नजरेत कुठूनच मावत नाही. सगळे डोक्याकडून फोटो काढतात. खरं काम तळव्यांवर आहे, शिंपल्यांच्या तुकड्यांत जडवलेली १०८ शुभचिन्हं. मूर्तीच्या पाठीमागच्या बाजूला १०८ काशाच्या वाट्या रांगेने मांडल्या आहेत. वीस बाट देऊन बारक्या नाण्यांची वाटी घ्यायची आणि एकेक नाणं टाकत जायचं. त्या किणकिणाटाची लय मंदिरभर ऐकू येते.

बाहेरच्या अंगणात कृत्रिम डोंगरांवर दगडी ऋषी अंग पिळवटून बसले आहेत. त्यांना थाईतही ऋसी म्हणतात. हे मालिश आणि ताणाच्या आसनांचे दगडी धडे. थाई मसाजची नावाजलेली शाळा याच आवारात आहे आणि तिथे मसाज करूनही मिळतो. रात्रभरच्या विमानप्रवासानंतर दुपारी बारा ते दोन या वेळेचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही. आधी क्रमांक घ्या, मग मंदिर पाहा, म्हणजे थांबावं लागत नाही. भरल्या पोटी जाऊ नका. दाब जास्त वाटला तर ‘बाओ बाओ’ म्हणा, म्हणजे हलक्या हाताने.

पैसे मोजून आला असाल आणि राजवाडा, वाट फो आणि वाट अरुण या तीनांपैकी एकच तिकीट परवडत असेल, तर माझं मत वाट फोला. राजवाडा डोळे दिपवतो, पण इथे बसता येतं.

समोरच ता तिएन धक्का. पलीकडे जाणारी होडी पाचेक बाटमध्ये नेते, दर काही मिनिटांनी सुटते. इथेही कोणीतरी सांगेल की होडी बंद आहे, लांब शेपटीची मोटरबोट घ्या. घेऊ नका. वाट अरुणचं तिकीट २०० बाट. दुरून दगडी वाटणारं शिखर जवळून पाहिलं की चिनी मातीच्या बशा-वाट्यांच्या तुकड्यांनी मढवलेलं दिसतं. चिनी जहाजं वजनासाठी जी भांडी भरून आणत, ती इथे फुलं झाली. पायऱ्या उभ्या आहेत. चढणं सोपं, उतरताना कठड्याला धरून तिरकं उतरावं. नाव अरुणाचं असलं तरी नजारा संध्याकाळचा, आणि सूर्य मावळतो तो या देवळाच्या मागे. म्हणून साडेचार-पाचला देऊळ उरकून त्याच होडीने परत यायचं आणि सूर्यास्त ता तिएनच्या काठावरून पाहायचा.

पाच मिनिटांवर सनाम चाय हे एमआरटीचं स्थानक, राजदरबारासारखं सजवलेलं. संध्याकाळी सहाला सार्वजनिक ठिकाणी राष्ट्रगीत लागतं, आजूबाजूचे थांबले की आपणही थांबायचं. दोन स्थानकं पुढे वाट मंकोन, म्हणजे चायनाटाऊन, यावराट रस्ता. सोमवार असेल तर खाण्याच्या बऱ्याच गाड्या लागत नाहीत, हे आधीच ध्यानात ठेवा.

खाणाऱ्यांचं काय बोलावं, त्यांना इथे स्वर्ग. शाकाहारी मंडळींसाठी दोन शब्द. पिवळ्या झेंडीवर लाल रंगात इंग्रजी सतरासारखं दिसणारं अक्षर म्हणजे ‘जे’. त्यात मांस, मासे, अंडी, दूध नाही, कांदा-लसूणही नाही. दुसरा शब्द ‘मांग्सविरात’, मांस आणि विरती, पण त्यात अंडं असू शकतं. नुसतं ‘मांस नको’ म्हणून भागत नाही. फसवतं ते नाम प्ला, म्हणजे माशाचं पाणी. ते मिठाच्या जागी पडतं, पाद थायमध्येही आणि पपईच्या कोशिंबिरीतही. शिवाय करीच्या वाटणात आंबवलेल्या कोळंबीचं वाटण असतं. ‘माय साय नाम प्ला’ हे वाक्य फोनवर थाई लिपीत लिहून ठेवा, कारण आपल्या सुरांत ते कुणाला कळत नाही. अगदीच जमलं नाही तर एक स्थानक अलीकडे, साम योतजवळ, फाहुरात आहे. तिथे शिखांचा गुरुद्वारा आणि भारतीय कापडाची, खाण्याची दुकानं आहेत. फळं, भाजलेले चेस्टनट आणि नारळाच्या दुधातला चिकट भात-आंबा मात्र बिनधास्त खा.

मेट्रो मध्यरात्रीच्या सुमारास बंद होते, पण नऊ वाजताच पाय बोलायला लागतात. खोलीत शिरल्यावर शेवटचा घोळ होतो तो प्लगचा. आपली जाड तीन पिनांची पिन इथल्या भोकांत बसत नाही. गोल दोन पिनांचा चार्जर बहुतेक ठिकाणी चालतो, लॅपटॉपसाठी अडॅप्टर घरूनच आणा.