मध विकते, पण नायट्यासाठी देत नाही

“ताई, नायट्यावर मध चालतो ना? मग तुम्ही नको का म्हणता?” साताऱ्यात बाटल्या मांडून बसलं की हे ठरलेलं. कुणी गजकर्ण म्हणतं, कुणी आवाज खाली करून नुसतं ‘जांघेत खाज’. मी नको म्हटलं की पुढचा टोमणाही ठरलेला: “म्हणजे मध अस्सल नाही वाटतं.” तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच लिहून टाकते.

मध अस्सल आहे. जावळीच्या डोंगरातल्या सातेरी माश्यांच्या पेट्यांतला. 2022 साली महाबळेश्वरजवळच्या मांघरला मधाचं गाव जाहीर केल्यापासून गिऱ्हाईक जरा विश्वासानं बघतं, पण चमच्यातून धार सोडून बघायचं ते बघतंच.

मधात ताकद नाही असं मी कधीच म्हटलेलं नाही. साखर इतकी दाट की जंतूंमधलं पाणी ओढून घेते, वर आंबटपणा. शिवाय माश्यांनी त्यात घातलेलं ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं विकर. ओलावा लागला की ते थोडंथोडं हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतं. भाजल्या जागेवर दवाखान्यातसुद्धा मध वापरतात, पण तो किरणांनी निर्जंतुक केलेला. एका शिकलेल्या गिऱ्हाइकानं मोबाइलवर 2004 सालचा अभ्यासही माझ्या नाकासमोर धरला होता. मध, ऑलिव्ह तेल आणि मेण यांचं मिश्रण 37 रुग्णांच्या बुरशीवर लावलेलं, बऱ्याच जणांना उतार. मी वाचला. नुसता मध नव्हता, आणि तुलनेला दुसरा गटही नव्हता. ते गिऱ्हाईक परत आलं नाही.

आता माझ्या भाच्याचं सांगते.

पोरगं कराडच्या बाजूच्या एका तालमीत होतं. तालीम म्हणजे घामेजलेली अंगं एकमेकांवर घासणार, एकाचा टॉवेल दुसऱ्याच्या खांद्यावर, आणि पावसाळ्यात लंगोट वाळतोय कुठं! मातीत ताक, हळद, लिंबू, तेल घालतात, पण नायटा त्याला भीत नाही. आधी दंडावर रुपयाएवढा डाग उठला. माझ्या बहिणीनं घरातलाच, म्हणजे माझाच, मध लावायला घेतला. मधला भाग साफ होत आला तशी ती खूश. मीही खूश होते, खोटं कशाला बोलू.

नायट्याची चालच तशी असते. बुरशी कातडीच्या वरच्या मेलेल्या थरात बसते आणि कडेकडेनं बाहेर सरकते. मधलं आपोआप निवळतं. म्हणून तर कडं दिसतं. हे मला डॉक्टरांनी नंतर सांगितलं. तोवर डाग मानेवर गेला होता आणि कुणीतरी मेडिकलमधून ट्यूब आणून दिली होती. बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड, सगळं एकाच नळीत. स्टेरॉइडनं खाज दोन दिवसांत थांबली, पण डाग पसरतच राहिला. असली स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून 2018 साली नियम आवळला होता, पण ट्यूब मागितली की मिळते.

जत्रेच्या मैदानात त्याची जोड लागली होती. हलगी चालू, पुकारा झालेला, भावजी गावातल्या माणसांना घेऊन पुढं बसलेले. समोरच्या पोराच्या वस्तादांनी जवळ येऊन याची मान वर केली, दंड उलटा करून बघितला आणि पंचांना म्हणाले, “ह्याला माझ्या पोरावर सोडू नका.” एवढंच. शिवी नाही, आरडाओरडा नाही. आमच्या वस्तादांनी मान खाली घातली, कारण समोरच्याचं खरं होतं. आखाड्यात दुसरी जोड उतरली. पोरगं लंगोटावर तसंच कडेला उभं, अंगावर माती घेतलेली, आणि शर्ट कुणी देईना. भावजी उठून गेले. बहीण माझ्याकडे बघत होती, जशी मीच काही केलंय.

पुढचं पटकन सांगते. त्वचेच्या डॉक्टरांनी खपली खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघितली, इट्राकोनाझोल सुरू केलं. हल्ली टर्बिनाफिन या बुरशीच्या नेहमीच्या औषधाला न जुमानणारी बुरशी आपल्याकडे फोफावली आहे, म्हणाले. मलम कडेच्याही बाहेर बोटभर लावायचं, डाग गेला तरी थांबायचं नाही, कपडे गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवायचे, टॉवेल ज्याचा त्यानं. बरा झाला. पण भर उन्हाळ्यातही कितीतरी दिवस पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायचा.

तेव्हाची मी अडाणी होते असं मला कुणी म्हणायला लावू नका. चुलीवर भाजलेला हात मी मधानं बरा झालेला बघितला होता, मग कातडीच्या डागाला का नाही, असं वाटण्यात काय वावगं होतं? आजही कुणी भाजल्याचं विचारलं तर मला तो हात आठवतो आणि तोंडावर आलेलं मी गिळते. नायट्याला मात्र सरळ नको म्हणते. चिकट मधाखाली खाज जरा दबते, कडं पसरत राहतं, आणि दवाखाना लांबतो.

बहिणीला हे अजून मान्य नाही. “मधानं बरं होत आलं होतं, त्या ट्यूबनं बिघडवलं,” म्हणते. ट्यूबनं बिघडवलं हे खरंच आहे, डॉक्टरही तेच म्हणाले. मधानं बरं होत आलं होतं का, यावर दर दिवाळीला आमचं वाजतं, आणि जाताना ती दोन बाटल्या घेऊनच जाते.