नंबरप्लेटी वाचण्याचा रविवार

दुकानांना जागा शोधून देणं हा माझा धंदा. ऑफिस धरमपेठेत, पण काम बहुतेक रस्त्यावर. मागे एकदा मुंबईच्या एका कपड्यांच्या साखळीने आम्हाला विचारलं की विदर्भात नागपूरबाहेर या वर्षी एकच दुकान काढायचं आहे, तर अमरावतीत काढू की चंद्रपुरात? दोन्ही शहरं नागपूरहून दीडशे किलोमीटरच्या आसपास. एक पश्चिमेला, एक दक्षिणेला. मुंबईतल्या साहेबांना नकाशावर ती जुळी भावंडं वाटत होती.

कागदावर तर अमरावती केव्हाच जिंकली होती. 2011 च्या जनगणनेत अमरावती साडेसहा लाखांच्या जवळ, चंद्रपूर सव्वातीन लाखांच्या आत. (2021 ची जनगणना ठरल्या वेळी झालीच नाही, त्यामुळे आमच्या धंद्यात 2011 चेच आकडे फिरत राहिले आणि त्यावर ज्याने त्याने आपापला अंदाज चढवला.) शिवाय अमरावती विभागाचं मुख्यालय, विद्यापीठाचं गाव, आणि नागपूर रस्त्यावर बिझीलँड, सिटीलँडसारखे ठोक कापडाचे बाजार. आजूबाजूच्या जिल्ह्यांतली माणसं लग्नाचा बस्ता घ्यायला गाड्या भरून तिथे उतरतात. नागपूरचीही जातात, फक्त नागपूरकर ते कबूल करत नाहीत. साहेबांचं गणित सरळ होतं. गिऱ्हाईक जिथे आधीच येतं, तिथे दुकान टाकायचं.

मला ते गणित पटत नव्हतं. ठोक बाजाराच्या सावलीत किरकोळ कपड्याचं दुकान चालवणं कठीण असतं, कारण भाव पाडून विकणारा शेजारीच बसलेला असतो आणि गिऱ्हाइकाला त्याचा भाव पाठ असतो. दुसरी गोष्ट, पैसा कधी येतो ती. अमरावती जिल्ह्याचा खिसा सोयाबीन, कापूस आणि संत्र्यावर. दिवाळीच्या तोंडावर सोयाबीन विकलं जातं, मागून कापूस येतो, तेव्हा बाजार फुलतो. जूनमध्ये तोच पैसा बियाण्यात आणि खतात जातो, आणि दुकानाचं भाडं मात्र जूनमध्येही भरावंच लागतं. चंद्रपूरचं तसं नाही. वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्स) कोळशाच्या खाणी, 2920 मेगावॅटचं वीज केंद्र, बल्लारपूरची पेपर मिल, गडचांदूरकडचे सिमेंटचे कारखाने. पाऊस पडो न पडो, महिन्याला पगार. शेती तिथेही आहे, धानही आहे, पण शहराच्या बाजाराची नाडी पगाराच्या तारखेवर चालते.

मग हा पगार खर्च कुठे होतो? चंद्रपुरात जाऊन पाहिलं तर गोल बाजारात गर्दी होती, जटपुरा गेटच्या आत गांधी चौकापर्यंत दुकानाला दुकान लागलेलं होतं. पण एवढ्या पगारदारांच्या गावाला शोभेल अशी मोठी खरेदी काही दिसेना. पैसा नागपूरला जातो असं सगळेच सांगत होते, रिक्षावाल्यापासून सराफापर्यंत. सगळे सांगतात ते रिपोर्टात लिहिता येत नाही, मोजावं लागतं. म्हणून मी नागपुरातल्या एका मॉलच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये रविवारभर उभं राहायचं ठरवलं.

तारीख निवडण्यातही मेख असते. लग्नसराईत मोजलं तर सगळीकडचीच गाडी दिसते, त्यावरून काही कळत नाही. विदर्भात शाळा जूनच्या शेवटाकडे सुरू होतात. नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, संपलेला, लग्नं आटोपत आलेली, पगार झालेला, पाऊस अजून यायचा, असा जूनमधला एक रविवार धरला. परवानगी काढली. सोबत ऑफिसातला एक मुलगा घेतला आणि वहीत गाड्यांच्या प्लेटीवरच्या आरटीओ क्रमांकांचे रकाने आखले. नागपूर शहराचे 31 आणि 49, ग्रामीणचा 40, वर्ध्याचा 32, भंडाऱ्याचा 36, यवतमाळचा 29, आणि ज्यांच्यासाठी आलो होतो ते अमरावतीचा 27 आणि चंद्रपूरचा 34. छत्तीसगडच्या सीजी गाड्यांना शेवटचा रकाना.

तासाभरात पार्किंगचा वॉचमन जवळ आला. "मॅडम, चालान फाडून राहिल्या का?" नाही म्हटल्यावर त्याने माझ्यासाठी खुर्ची आणली आणि दिवसभर आमच्या वतीने लांबूनच ओरडत राहिला, "चौतीस आली, चौतीस!"

नुसत्या प्लेटीवर विसंबून चालत नाही. चंद्रपूरला नोकरी आणि नागपुरात घर असलेली माणसं पुष्कळ आहेत, त्यांची गाडीही 34 चीच. म्हणून आमची रीत अशी की गाडी आत येताना प्लेट लिहायची आणि बाहेर पडताना हातातली पिशवी पाहायची. जमलं तर दोन शब्द बोलायचं. पिशवी बरंच काही सांगते. कोणत्या दुकानाची, फुगलेली की चपटी, बाईच्या हातात की नवऱ्याच्या, डिकीत गेली की मागच्या सीटवर. मागच्या सीटवर गेलेल्या पिशवीतली वस्तू रस्त्यात पुन्हा काढून पाहिली जाणार असते.

दुपारपर्यंत 34 चा रकाना 27 च्या कितीतरी पुढे गेला होता. लोकसंख्येच्या हिशेबाने उलटं व्हायला हवं होतं. माझ्यासोबतचा मुलगा खूश झाला. चंद्रपूरचा पैसा बाहेर जातो हे सिद्ध झालं, म्हणजे तिथे दुकान काढलं की तो पैसा तिथेच थांबेल. रिपोर्ट तयार. मी त्याला म्हटलं, थांब जरा, आता बाहेर पडणाऱ्या गाड्या बघ.

34 च्या गाड्यांकडे परतणाऱ्या लोकांच्या हातात पॉपकॉर्नचे उरलेले डबे होते. खेळण्याचा एखादा खोका, बुटांचा खोका, केकची पेटी. कपड्यांची मोठी पिशवी क्वचित. आमच्या पाहुण्या साखळीला ज्या पिशव्या हव्या होत्या, त्या 31 आणि 49 च्या गाड्यांत चालल्या होत्या.

संध्याकाळी एक कुटुंब भेटलं, बल्लारपूरचं. पोरगं बापाच्या खांद्यावर झोपलेलं, त्याच्या बुटाचा लाल दिवा अजून लुकलुकत होता. आजीबाई आधीच पुढच्या सीटवर बसून सुनेची वाट पाहत होत्या. मी ओळख सांगितली आणि सुनेला विचारलं, कपड्यांसाठी एवढ्या लांब येता का?

"कपड्यांसाठी काहून येऊ जी?" ती म्हणाली. "पोट्ट्याचे रोजचे कपडे आम्ही गोल बाजारातूनच घेतो. बदलून बी देते तो. इथं तर दिवस काढाले येतो. घरी कूलर गरम हवा फेकून राह्यला."

आजीबाईंनी काच खाली केली. "पिक्चर पाह्यला, दोसा खाल्ला. आता घरी जाऊन झोपा."

मे-जूनचं चंद्रपूर ज्याने अनुभवलं आहे त्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. पारा 45 च्या पुढे जातो आणि दुपारी रस्त्यावर कुत्रंही नसतं. थंड छताखाली सगळ्या घराला सहा-सात तास बसता येईल, पोराला धावता येईल, म्हातारीला स्वच्छ संडास मिळेल अशी जागा लागते, आणि त्या जागेसाठी ही माणसं येऊन-जाऊन तीनशे किलोमीटर गाडी हाकतात. चंद्रपुरातून नागपूरला जातो तो रविवार. कापड जाताना मला फारसं दिसलं नाही. आणि रविवार एका दुकानाने अडवता येत नाही. त्याला चार-पाच पडद्यांचं थिएटर, खाण्याचे दहा काउंटर आणि शेकडो गाड्यांची पार्किंग लागते. एवढा डोलारा सव्वातीन लाखांच्या शहराला सोमवार ते शुक्रवार पेलवत नाही.

27 च्या गाड्या कमी का, याचंही उत्तर हळूहळू मिळालं. जे थोडे अमरावतीकर भेटले ते दवाखान्याला नाहीतर विमानतळावर आलेले, जाता जाता मॉलमध्ये डोकावलेले. अमरावतीला आपल्या बाजाराचा अभिमान आहे, आणि तो खोटा नाही. राजकमल चौक ते जयस्तंभ हा पट्टा एकट्याने एवढं विकतो की त्या माणसाला मुद्दाम नागपूर गाठावंसं वाटत नाही.

सोमवारी साहेब मुंबईहून आले. त्यांना आधी सीताबर्डी दाखवली, मग गांधीसागराजवळची एम्प्रेस मिलची जागा. 1 जानेवारी 1877 ला टाटांनी तिथे कापड विणायला सुरुवात केली, आज तिथे मॉल उभा आहे. साहेबांनी दोन्ही पाहिलं आणि विचारलं, "रायपूरला मॉल जमले, मग तुमच्या चंद्रपूर-अमरावतीत का नाही?" रायपूर 2000 साली राजधानी झालं, हे मी सांगितलं. नवं सरकार, नवे अधिकारी, गावाबाहेर मोकळ्या जमिनी. मॅग्नेटो जीई रोडवर उभा राहिला, अंबुजाचा मॉल विधानसभा रोडवर. म्हणजे मोठ्या रस्त्याला लागून, मोठ्या प्लॉटवर. आमच्या जुन्या बाजारपेठांत दुकान अठरा-वीस फूट रुंद आणि मागे बोगद्यासारखं लांब. मालकीत तीन भाऊ आणि एक आत्या. साखळीला समोरून पन्नास फूट दर्शनी भाग हवा. तो आणायचा कुठून?

अमरावतीची जी जागा साहेबांच्या मनात भरली होती ती दाखवायला मी त्यांना मंगळवारी घेऊन गेले. नाव लिहीत नाही. बाहेरून काच, आत सरकता जिना, आणि त्या बंद जिन्यावर पुतळ्यांचे हातपाय भरलेले खोके रचलेले. 2005 ते 2010 च्या सुमारास मध्यम शहरांत 'मॉल' म्हणून जे बांधलं गेलं, त्यातलं बरंचसं असंच झालं. बिल्डरने एकेक गाळा विकला, पैसे मोकळे केले आणि निघून गेला. गाळा घेणाऱ्यांत कुणी डॉक्टर, कुणी निवृत्त शिक्षक, कुणी पुण्याला असलेला मुलगा. प्रत्येकाने आपल्या मर्जीने भाडेकरू ठेवला, म्हणून मोबाइल कव्हरशेजारी पॅथॉलॉजी लॅब आणि तिच्याशेजारी विम्याचं ऑफिस. देखभालीचा खर्च निम्मे देतात, निम्मे देत नाहीत. एसी आधी बंद पडतो, मग जिना, मग लोक वर चढायचे थांबतात. मॉल चालतो तो एकाच मालकाने सगळी जागा हातात ठेवून भाड्याने दिली तर. कोण कुठे बसेल हे त्याने ठरवायचं, आणि भाड्यात विक्रीचा वाटा घ्यायचा, म्हणजे गिऱ्हाईक आलं नाही तर त्याच्याही पोटाला चिमटा बसतो. साहेबांना हवा होता तो मजला सोळा जणांच्या नावावर होता.

माझी शिफारस मी गाडीतच सांगितली. चंद्रपूर करा, पण तुमच्या आराखड्यातलं अठरा हजार चौरस फुटांचं, कॉफीच्या कोपऱ्याचं आणि मुलांच्या खेळाचं दुकान विसरा. आठ हजारांत, तळमजला आणि पहिला मजला, जटपुरा गेटच्या बाहेर नागपूर रोडकडे, समोर गाड्या लावता येतील असं. रोजचे कपडे, शाळेच्या पोरांचे, आणि बदलून देण्याचा नियम गोल बाजारापेक्षा कडक नको.

साहेब बडनेऱ्यापर्यंत भांडले. खेळाचा कोपरा त्यांच्या फार आवडीचा होता. अखेर साडेनऊ हजारांवर तोडगा निघाला, कॉफी गेली, आणि खेळाच्या कोपऱ्याऐवजी एसी एक टन जास्त धरला.

चंद्रपूरचं दुकान दसऱ्याला उघडलं. अमरावतीची फाइल अजून माझ्या टेबलावर आहे. सोळापैकी चौदा सह्या झाल्या, पंधरावे गाळेधारक भाडं ठरवायला तयार आहेत पण शेजारच्यापेक्षा एक रुपया जास्त हवा म्हणतात, आणि सोळावे फोन उचलत नाहीत.