फाटकापाशी अकरा मिनिटं

आज अमेरिकेतल्या ओमाहात मालगाडीने फाटकापाशी अकरा मिनिटं अडकवलं. डबे मोजायचा माझा जुना नाद, नव्वदनंतर गडबडलो. शेजारी आमचे पंधरा वर्षांचे चिरंजीव, फोनची बॅटरी मेल्यामुळे वैतागलेले.

म्हटलं, १९३० च्या दशकातल्या मंदीत तुझ्याएवढी पोरं अशाच गाड्यांवर चढून देशभर भटकायची. अंदाजे अडीच लाख! काहींना हौस होती, पण बरीचशी घरातलं एक खाणारं तोंड कमी व्हावं म्हणून निघालेली. चालत्या गाडीची शिडी धरताना हात निसटला की पाय गेलाच. वरून यार्डात रेल्वेचे पोलीस दंडुके घेऊन हजर. पुढे १९३३ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टने सीसीसी काढली, म्हणजे बेकार तरुणांना काम देणारी सरकारी योजना. झाडं लावा, रस्ते करा, महिना ३० डॉलर. त्यातले साधारण २५ थेट घरी. पण सुरुवातीला त्यासाठी अठरा पूर्ण हवीत. पंधराच्याने काय करायचं?

"म्हणजे पोराच्या हातात पाचच?" हिशेब मात्र चोख.

एक रिकामी वाघीण दार उघडं टाकून गेली. आत काळोख आणि एक तुटकी फळी. तो मान वळवून बघत राहिला.

"बाबा, मुलीपण जायच्या?"

जायच्या. केस कापून, मुलांचे कपडे घालून.