जमिनीखालचं पाणी

आज इस्तंबूलच्या बॅसिलिका सिस्टर्नमधे, म्हणजे जमिनीखालच्या जुन्या टाकीत उतरलो, आणि खरं सांगू, वर उन्हात रांगेत उभं राहून वैतागलो होतो पण खाली पाऊल टाकलं आणि सगळं विसरलो 😅 गार हवा, टप टप पाणी आणि अंधारात 336 खांब, एकामागे एक, संपतच नाहीत. सम्राट जस्टिनियनच्या काळात, म्हणजे 532 च्या सुमारास बांधलेली ही पाण्याची टाकी! लांबच्या जंगलातून जलसेतूवरून पाणी यायचं ते इथे साठायचं.

गंमत म्हणजे पुढे लोक ती विसरूनच गेले. सोळाव्या शतकात एक फ्रेंच अभ्यासक आला तेव्हा वरच्या घरातली माणसं जमिनीतल्या भोकातून बादली सोडून पाणी काढत होती, मासे पण पकडायची म्हणे, आणि खाली एवढं काय आहे ते कुणाला धड माहीत नाही!!

चिखल उपसून 1987 ला लोकांसाठी उघडली, मग भूकंपाच्या भीतीने खांब पोलादी दांड्यांनी बांधून घेतले आणि 2022 ला परत उघडली. तो रंगीत लाइटिंगचा शो मला जरा जास्तच वाटला, पण ठीके, तिकीट निघतं म्हणून डागडुजी होते.

रात्री हॉटेलवर वाचत बसलो तर अमेरिकेतल्या ह्यूस्टनची 1926 ची अशीच जमिनीखालची टाकी सापडली, गळती काही केल्या सापडेना म्हणून 2007 ला बंद, पाडायचीच होती, आता तिथेही लोक फिरायला जातात. इथल्या एका खांबाच्या तळाशी मेड्यूसाचं (ग्रीक पुराणातली, सापांचे केस असलेली) उलटं दगडी डोकं आहे, ते मात्र फोटोत नीट आलंच नाही, सगळा अंधार 🤦