कॅम्पडेनचा बाजारमंडप

लंडनहून निघणाऱ्या एकदिवसीय सहलींच्या पत्रकांत कॉट्सवोल्ड्स या इंग्लंडमधल्या टेकड्यांच्या प्रदेशातली तीन-चार गावे एका ओळीत बसवलेली असतात आणि आपल्याकडचे बहुतेक प्रवासी ती तशीच, बसच्या खिडकीतून आणि घाईच्या थांब्यांतून पाहून परततात. अशा पाहण्याबद्दल माझा राग बायबरीला पक्का झाला. तिथली आर्लिंग्टन रो ही बुटक्या दगडी घरांची रांग चौदाव्या शतकात मठाच्या लोकरीचे कोठार म्हणून उभी राहिली आणि सतराव्या शतकात तिची विणकरांची घरे झाली. त्या घरांत आजही माणसे राहतात. आम्ही पोहोचलो तेव्हा एका दारासमोर छायाचित्रांसाठी रांग लागली होती, काही जण खिडकीच्या काचेला चेहरा टेकवून आत पाहत होते आणि हातात भाजीची पिशवी असलेल्या एका वृद्ध बाईंना स्वतःच्याच घरात शिरण्यासाठी वाट मागावी लागत होती. कोणाच्या घराकडे असे पाहू नये, एवढे तरी प्रवासाला निघताना घरूनच शिकून यायला हवे. बोर्टन-ऑन-द-वॉटरला गर्दी याहून अधिक होती. विंडरश नदीवरचे ठेंगणे पूल पाहून आम्ही लगेच निघालो.

म्हणून चिपिंग कॅम्पडेनला जाताना भाची आणि मी मुक्कामाच्याच तयारीने गेलो. ती रेडिंगला राहते. तिथून मोर्टन-इन-मार्शपर्यंत थेट रेल्वे आहे आणि पुढे बस. बस क्वचित येते, पण त्यामुळेच गाव संध्याकाळी शांत होते. मधाच्या रंगाच्या दगडातली घरे हाय स्ट्रीटच्या दोन्ही बाजूंनी किंचित वळण घेत जातात. एकही घर दुसऱ्यासारखे नाही, तरी साऱ्यांचा दगड एकाच टेकड्यांतला असल्यामुळे रस्ता एकजीव वाटतो. या वैभवाच्या मुळाशी लोकर आहे. 1380च्या सुमारास बांधलेले विल्यम ग्रेव्हेल या व्यापाऱ्याचे घर याच रस्त्यावर आहे आणि सेंट जेम्स चर्चमधील त्याच्या पितळी स्मृतिपटावर ‘साऱ्या इंग्लंडमधील लोकर-व्यापाऱ्यांचे फूल’ असे त्याचे लॅटिनमध्ये वर्णन कोरलेले आहे. तो 1401 साली वारला.

मला मात्र धरून ठेवले ते रस्त्याच्या मध्यावरच्या बाजारमंडपाने. 1627 साली सर बॅप्टिस्ट हिक्स यांनी तो बांधला. हिक्स लंडनमधले रेशमाचे मोठे व्यापारी आणि राजाला कर्ज देणारे सावकार. कॅम्पडेनची जहागीर विकत घेऊन त्यांनी इथे हवेली उभारली. 1645 साली यादवी युद्धात राजाच्याच सैन्याने गाव सोडताना ती जाळली, त्यामुळे आज तिचे थोडेच अवशेष उरले आहेत. लोणी, चीज आणि कोंबड्या विकायला येणाऱ्यांना ऊन-पाऊस लागू नये म्हणून बांधलेला मंडप मात्र जागच्या जागी आहे. चारी बाजूंनी दगडी कमानी, वर जुन्या लाकडांचे छत, आणि खाली शतकानुशतकांच्या पावलांनी इतकी झिजलेली, उंचसखल झालेली फरसबंदी की चालताना पाय जपून टाकावा लागतो. आम्ही आत शिरलो तोच पावसाची सर आली आणि आम्ही बराच वेळ तिथल्या कठड्यावर बसून राहिलो.

त्या वेळी मला जुन्नरच्या आठवडी बाजारात ताडपत्रीचे टोक एका हाताने धरून दुसऱ्या हाताने मेथी तोलणाऱ्या बाया आठवल्या. विकणाऱ्या माणसाच्या डोक्यावर छप्पर असावे हा विचार चारशे वर्षांपूर्वी एका सावकाराला सुचला आणि त्याने तो टिकाऊ दगडात बांधला, याचे मला फार मोल वाटते. हिक्स यांनी 1612 साली चर्चकडे जाणाऱ्या रस्त्यावर बारा गरीब वृद्धांसाठी घरेही बांधली. तीही अजून नांदती आहेत.

पाऊस थांबायची वाट पाहणाऱ्या एका स्थानिक गृहस्थांशी बोलताना मंडपाच्या वाचण्याची हकीकत निघाली. 1940च्या दशकात तो विकून अमेरिकेत नेला जाण्याची वेळ आली होती. गावकऱ्यांनी वर्गणी काढून तो विकत घेतला आणि जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या स्वाधीन केला. युद्धाच्या, शिधापत्रिकेवर लोणी मोजून मिळणाऱ्या त्या काळात लोकांनी लोण्याच्या बाजाराची रिकामी इमारत वाचवण्यासाठी पैसे काढून दिले, हे ऐकून मी भारावून गेले.

या गावाला आपलेपणाने जपणारे बाहेरचे लोकही लाभले. वास्तुरचनाकार सी. आर. ॲशबी यांनी 1902 साली पूर्व लंडनमधल्या आपल्या कारागीर मंडळाचे सुतार, चांदीकाम करणारे आणि छापखान्याचे कामगार कुटुंबांसह इथे आणले. मंडळ काही वर्षांतच आर्थिक अडचणीत बुडाले, पण त्यातल्या हार्ट घराण्याची चांदीकामाची कार्यशाळा जुन्या रेशीम गिरणीत आजही चालू आहे आणि जिना चढून गेले की कारागीर ठोकणीचे काम करताना दिसतात. जवळच्या ब्रॉड कॅम्पडेनमध्ये ॲशबी यांनी नॉर्मन राजवटीच्या काळातले एक पडके प्रार्थनागृह दुरुस्त करून राहण्याजोगे केले ते आनंद कुमारस्वामी यांच्यासाठी. भारतीय कलेकडे पाहण्याची जगाची दृष्टी बदलणाऱ्या या विद्वानाने सिंहली कलेवरचा आपला ग्रंथ तिथेच हातछपाईने छापून घेतला आणि तो 1908 साली प्रसिद्ध झाला. ते घर खासगी असल्यामुळे आम्ही रस्त्यावरूनच पुढे गेलो.

परतीचा दिवस मंगळवार होता आणि मोर्टनला हाय स्ट्रीटवर बाजार भरला होता. भाज्या, चीज, स्वस्त कपडे, कुंड्यांतली रोपे. वर कापडी छते, खाली ओले डांबर. चीज विकणाऱ्या बाईंनी चाखायला तुकडा देताना आम्ही कुठून आलो ते आपुलकीने विचारले, आणि कॅम्पडेनला मुक्काम केला हे ऐकून त्यांना मनापासून आनंद झाला. आम्ही होतो त्या दिवसांत कॅम्पडेनच्या मंडपात कोणी काही विकत नव्हते. तिथल्या लोकांनी तो एवढ्या निष्ठेने वाचवला आहे, तर आठवड्यातून एक दिवस तरी या बाईंसारख्यांना त्याच्या छपराखाली बसता यावे, असे मला फार वाटते.