मूळ घराचा कागद

मी सोलापुरात मोडी वाचून देतो. २०२३ पासून कुणबी नोंदी शोधायला लागले तसे आमचे दिवस पालटले, आणि चार दिवसांचा कोर्स करून बोर्ड लावणारेपण वाढले, गिऱ्हाइकाला हवं तेच वाचणारे. असो.

मागच्या आठवड्यात मोहोळकडचे एक काका कागद घेऊन आले, तोही लॅमिनेट केलेला! कितीदा सांगायचं, प्लास्टिक चिकटलं की जुना कागद गेलाच म्हणून समजा. जत्रेत पालखीचा पहिला मान कुणाचा यावरून गावात दोन घरांत जुंपलेली, आणि "आमचंच मूळ घर" हे त्यांना या कागदावर दाखवायचं होतं.

मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, ऱ्हस्वदीर्घ नाही, म्हणून मी आधी तारीख धरतो. सन सीत अशर मया व अलफ, हे अरबी आकडे, म्हणजे शुहूर सन १११६, त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७१५. निघालं मिरासपत्र, म्हणजे मिरास, जमिनीचा पिढीजात हक्क, त्याचा कागद. यांचा पूर्वज गावात उपरी, बाहेरून येऊन सालासालानं दुसऱ्याची जमीन कसणारा, आणि एकानं आपली मिरास त्याला विकलेली. नुसते पैसे मोजून हे भागत नसे, पाटील, कुलकर्णी, बांधाला लागून असलेले मिरासदार, बलुतेदार असे सगळे साक्षीला लागायचे, कारण उद्या वाद झाला तर गोतसभेत, म्हणजे वाद मिटवणाऱ्या गावच्या सभेत, बोलणार हेच. लिहिता न येणाऱ्यांनी आपापलं हत्यार काढलंय, पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा. आरशाची मूठसुद्धा काढलीय पठ्ठ्यानं, मी भिंग लावून बघतच बसलो. मिरासदार झालं की सारा जास्त बसायचा, पण जमीन लेकराचे लेकरी आपली आणि गावच्या बैठकीत मांडी घालून बसायचा हक्क.

काका म्हणाले, "ओ सर, ती उपरीची ओळ तेवढी सोडा की."

म्हटलं, माझ्या सहीनं देतो, सोडता येत नाही. आणि काका, अख्ख्या गावानं मिळून आत घेतलंय तुम्हाला, यात लाज कसली?

"पुढची नावं वाचा."

साक्षीदारांत तिसरं नाव आलं तसे ते गप्प झाले. आडनाव समोरच्या पार्टीचं. म्हणजे मूळ घर त्यांचं, आणि यांना मिरास मिळाली तेव्हा साक्षीला उभेही तेच.

पैसे देत होते, मी घेतले नाहीत. कागद पिशवीत घालून गेले, आता दुसरा कुणीतरी ती ओळ गाळून देईलच. परवा समोरच्यांचा फोन आला, कॉपी मिळेल का म्हणून. कागद काकांचा, मी कसा देणार, नाही म्हटलं. पण टिपण माझ्या वहीत आहे आणि जत्रा चैत्रात आहे.